द्रोब्नीच्या नावापुढचा देश

विम्बल्डनच्या पुरुष एकेरी विजेत्यांची यादी मोबाइलवर उघडा आणि १९५० च्या दशकापर्यंत खाली या. अमेरिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा ओळी एकामागून एक जातात. १९५४ ला अंगठा थबकतो. तिथे लिहिलेलं असतं: यारोस्लाव द्रोब्नी, इजिप्त.

यारोस्लाव हे काही कैरोतलं नाव नाही. इजिप्तच्या नावावर ग्रँड स्लॅम एकेरीची विजेतेपदं आहेत ती या एकाच माणसाची: १९५१ आणि १९५२ ची फ्रेंच स्पर्धा आणि १९५४ चं विम्बल्डन. माणूस प्रागचा. तिथेच १९२१ मध्ये जन्मला, तिथल्या टेनिस क्लबात वडील मैदानाची देखभाल करायचे, पोरगा बॉल-बॉय होता. मग हा इजिप्त आला कुठून?

त्याचं उत्तर सहसा एका ठरलेल्या गोष्टीतून मिळतं. क्रीडापत्रकारांची ती फार आवडती गोष्ट आहे. कम्युनिस्ट राजवटीतून निसटलेला बेघर खेळाडू. चष्मा लावणारा, थोडासा सुटलेला, तिशी ओलांडलेला. विम्बल्डनच्या दोन अंतिम सामन्यांत हरलेला. तिसऱ्यांदा तो पोहोचतो, समोर एकोणीस वर्षांचा केन रोझवॉल असतो, सगळं सेंटर कोर्ट चष्मेवाल्याच्या बाजूने असतं आणि तो जिंकतो. शेवट गोड.

यातला प्रत्येक तपशील खरा आहे. तरी ही गोष्ट मला पटत नाही. तिच्यात निर्वासित असणं हे ट्रॉफीला चव आणणाऱ्या फोडणीसारखं वापरलंय. हरत हरत जिंकलेला माणूस प्रेक्षकांना आवडतोच, त्यात देश गमावलेला असला तर आणखी आवडतो. पण देश गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे ही गोष्ट विचारत नाही. विचारलं असतं, तर ज्या वाक्यात ती 'आणि हो, तो आइस हॉकीही खेळायचा' असं गमतीची माहिती म्हणून सांगते, तिथेच तिला थांबावं लागलं असतं.

'हॉकीही खेळायचा' म्हणजे किती? १९४७ मध्ये प्रागला आइस हॉकीची जागतिक स्पर्धा झाली. चेकोस्लोव्हाकियाने ती पहिल्यांदाच जिंकली आणि द्रोब्नीने सात सामन्यांत १५ गोल केले. पुढच्या फेब्रुवारीत सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याच्या संघाने कॅनडाला ०-० असं रोखलं. दोन्ही संघ अपराजित राहिले आणि गोलांच्या हिशेबात सुवर्ण कॅनडाला, रौप्य चेकोस्लोव्हाकियाला गेलं. जगातल्या पहिल्या दोन हॉकी संघांपैकी एकाचा तो आघाडीचा खेळाडू होता. त्याच काळात उन्हाळ्यात तो टेनिसमध्येही जगातल्या पहिल्या फळीत होता. १९४६ च्या विम्बल्डनमध्ये त्याने जॅक क्रेमरला पाच सेटमध्ये हरवलं होतं. हाच क्रेमर पुढच्या वर्षी तिथला विजेता झाला. आज असा कुणी असता तर त्याच्या रील्समधून आपली सुटका झाली नसती.

प्रागमध्ये व्लतावा नदीच्या मधोमध श्तवानित्से नावाचं बेट आहे. त्यावर टेनिसची कोर्टं आहेत आणि कृत्रिम बर्फाचं स्टेडियमही होतं. १९४७ ची जागतिक स्पर्धा तिथेच झाली. दोन खेळांतलं अंतर तेव्हा इतकंच होतं. ऋतू बदलला की हातातली वस्तू बदलायची.

फेब्रुवारी १९४८ च्या अखेरीस चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली. सेंट मॉरिट्झचं पदक येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. नव्या सरकारला खेळाडू हवे होते, कारण पदकं मिरवता येतात; आणि खेळाडूंची भीतीही होती, कारण ते परदेशी जातात. पासपोर्ट, परवानगी, सोबत कोण जाणार, कुणाविरुद्ध खेळायचं, हे सगळं वरून ठरू लागलं.

आता जुलै १९४९. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात द्रोब्नी अमेरिकेच्या टेड श्रोडरकडून पाच सेटमध्ये हरला. पंधरवडाही उलटला नव्हता तेव्हा तो आणि त्याचा डेव्हिस कपमधला जोडीदार व्लादिमीर चेर्निक स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडच्या स्पर्धेत होते. तिथे जर्मन खेळाडूही खेळत होते, म्हणून माघार घेऊन परत या, असा प्रागहून आदेश आला. दोघे परतले नाहीत. दोन-चार शर्ट, टूथब्रश आणि पन्नास डॉलर एवढंच आपल्यापाशी होतं, असं द्रोब्नी पुढे सांगत असे.

शीतयुद्धाच्या काळातल्या पश्चिमेला इथे स्वातंत्र्याचा हुंकार ऐकू आला. मला तो ऐकू येत नाही, आणि त्यामुळे या माणसाबद्दलचा माझा आदर कमी न होता वाढतो. मला दिसतं ते साधं आहे. सत्तावीस वर्षांचा, आपल्या कामात अत्यंत वाकबगार असा एक माणूस. त्याला सांगितलं जातंय की स्पर्धा सुरू असली तरी तू उठून ये. उद्या कुठली सोडायला लावतील, परवा पासपोर्ट ठेवतील का, काही सांगता येत नाही. आणि खेळाडूची वर्षं मोजकी असतात. त्यातली सहा महायुद्धाने आधीच खाल्ली होती. सोळाव्या वर्षी, १९३८ मध्ये, तो पहिल्यांदा विम्बल्डन खेळला आणि १९३९ नंतर थेट १९४६ मध्येच ती स्पर्धा पुन्हा भरली. काम करू द्या, एवढीच त्याची मागणी होती. यात वीरश्री नसेल, पण अशी मागणी करणाऱ्याला देश सोडावा लागतो यातच त्या राजवटीची परीक्षा होते.

पण देश सोडताना काय सोबत येतं? टेनिस येतं. रॅकेट बगलेत मारून कुठेही जाता येतं. टेनिसची स्पर्धा एकट्याला बोलावते, एकट्याला जेवू घालते, एकट्याला हरवते. हॉकी मात्र येत नाही. हॉकीला संघ लागतो आणि जागतिक स्पर्धेत उतरायचं तर संघाला देश लागतो. बोस्टन ब्रुइन्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाने द्रोब्नीला करार देऊ केला होता. त्याने तो घेतला नाही. घेतला असता तर हौशी टेनिसची दारं त्याला बंद झाली असती, आणि तेव्हा विम्बल्डन फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. म्हणजे जुलै १९४९ मध्ये यारोस्लाव द्रोब्नी नावाचा जगज्जेता हॉकीपटू मैदानाबाहेर गेला तो कायमचाच. त्याच्यासाठी कुणी शोकगीत लिहिलं नाही, कारण त्याच नावाचा टेनिसपटू समोर खेळताना दिसत होता.

मला हे निर्वासितपणाचं फार नेमकं वर्णन वाटतं. दोन खेळ येणाऱ्या माणसाला एकच सोबत नेता आला. भाषा असो, नोकरी असो, स्वयंपाक असो, काही गोष्टी पेटीत मावतात, काही इतर माणसं असल्याशिवाय होतच नाहीत.

ती इतर माणसं, म्हणजे त्याचे हॉकीतले सोबती, त्यांचं काय झालं? ठरलेल्या गोष्टीत ती येत नाहीत, त्यामुळे इथे जरा थांबू. नोव्हेंबर १९४८ मध्ये राष्ट्रीय संघातले सहा खेळाडू इंग्लिश खाडीवर विमानासकट नाहीसे झाले. डिसेंबरमध्ये प्रागचा एलटीसी हा क्लब स्वित्झर्लंडमध्ये दावोसला स्पेंग्लर चषक खेळायला गेला असताना, सगळ्यांनी मिळून तिथेच राहावं का, यावर खेळाडूंमध्ये चर्चा झाली. संघ परतला, दोघे मागे राहिले. मार्च १९५० मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेला निघालेला राष्ट्रीय संघ सरकारने थांबवला. कारण दिलं ते असं की दोन पत्रकारांना ब्रिटनने व्हिसा नाकारला. चिडलेले खेळाडू प्रागच्या एका पबमध्ये जमले, सरकारला शिव्या घातल्या, आणि साध्या वेशातल्या पोलिसांनी त्यांना उचललं. खटला चालला तो देशद्रोहाचा. शिक्षा काही महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंत. गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला १५, ऑगस्टिन बुबनिक याला १४. त्यांच्यापैकी काही जण याखिमोवच्या युरेनियमच्या खाणपट्ट्यात कैदी म्हणून राबले. मोद्री सुटला, पण १९६३ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी गेला.

मोद्री हा १९४७ च्या जगज्जेत्या संघाचा आणि सेंट मॉरिट्झच्या त्या ०-० सामन्याचा गोलरक्षक. द्रोब्नी पुढे गोल करायचा, मोद्री मागे अडवायचा. एक ग्श्टाडला थांबला, दुसरा प्रागला राहिला.

इथे कुणीतरी म्हणेलच की हे पळून गेले म्हणून मागच्यांवर फास आवळला गेला. राजवटीला संशयासाठी आधीच्या पलायनांचा उपयोग झाला, हे खरं. पण हिशेब असा मांडणं म्हणजे कुलूप लावणाऱ्याला सोडून दारातून निसटलेल्याला धरणं. द्रोब्नीवर मी ते ओझं टाकणार नाही. माझी तक्रार त्याची गोष्ट सांगणाऱ्यांशी आहे. सेंटर कोर्टवरच्या टाळ्या सांगायच्या आणि याखिमोव गाळायचं, तर मग ती गोष्ट उरते फक्त गोड.

देश सोडल्यावर तो कुणाचाच नव्हता. स्वित्झर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे कागदांसाठी प्रयत्न झाले. आणि शेवटी नागरिकत्व दिलं ते इजिप्तने. तेव्हा तिथे राजा फारूक होता. १९५२ च्या जुलैमध्ये लष्कराने फारूकलाच हाकललं आणि तो इटलीला गेला. ज्या राज्याने निर्वासिताला आसरा दिला, त्याचा राजाच परागंदा. पासपोर्ट मात्र चालू राहिला.

गंमत म्हणजे टेनिसला त्याच्या इजिप्शियन असण्याचं काही देणंघेणं नव्हतं, पण नावापुढचा रकाना रिकामा ठेवायचीही तिची तयारी नव्हती. रकान्यात काहीतरी हवं. विम्बल्डनच्या कागदोपत्री या एका माणसापुढे चार वेगळी नावं लागली: १९३८ ला चेकोस्लोव्हाकिया, १९३९ ला बोहेमिया-मोराव्हिया, म्हणजे हिटलरने गिळलेल्या तुकड्याला दिलेलं नाव, पन्नाशीच्या दशकात इजिप्त, आणि १९६० ला ग्रेट ब्रिटन. यातली पहिली दोन तर तो प्रागमध्येच असताना बदलली. देश बदलायला दरवेळी माणसाला हलावंच लागतं असं नाही.

आता खेळाकडे येऊ. द्रोब्नी डावखुरा होता, सर्व्हिस जोरदार, डोक्यावरून येणारा चेंडू मारून टाकण्यात पटाईत. वयानुसार त्यात हलका हात आला, ड्रॉप शॉट आले. लाल मातीवर ते फार उपयोगी पडले. फ्रेंच स्पर्धेत १९४६, १९४८ आणि १९५० असे तीन अंतिम सामने हरल्यावर तो १९५१ ला जिंकला आणि १९५२ ला त्याने फ्रँक सेजमनला हरवून ती राखली. महिनाभरात विम्बल्डनला त्याच सेजमनने अंतिम सामन्यात परतफेड केली. १९४६ चा फ्रेंच अंतिम सामना तर त्याने मार्सेल बर्नारविरुद्ध पहिले दोन सेट घेऊन घालवला होता. 'दुर्दैवी द्रोब्नी' ही प्रतिमा अशा सामन्यांतून बनली. मला ती तितकीशी पटत नाही. ग्रँड स्लॅमच्या आठ अंतिम सामन्यांत पोहोचणाऱ्याला दुर्दैवी म्हणायला जरा जीभ अडखळायला हवी.

१९५४ चा अंतिम सामना सगळे सांगतात. मला त्याच्या आदल्या वर्षीचा एक सामना मोठा वाटतो. विम्बल्डन १९५३, तिसरी फेरी, समोर अमेरिकेचा बज पॅटी. दोघे मित्र होते. पॅटी अमेरिकन असून राहायचा पॅरिसला, म्हणजे तोही परक्या गावातच वसलेला, फरक इतकाच की त्याने ते हौसेने केलं होतं. गुण असे: ८-६, १६-१८, ३-६, ८-६, १२-१०. टायब्रेकर अजून जन्माला यायचा होता. ९३ गेम, चार तासांहून जास्त. पॅटीला सहा मॅच पॉइंट मिळाले, तीन चौथ्या सेटमध्ये आणि तीन पाचव्यात. सहाही वेळा द्रोब्नी वाचला. पायात गोळे येत होते, उजेड जात होता. शेवटी पंचांनी सांगितलं की आणखी दोन गेम, मग थांबवू. ते दोन गेम द्रोब्नीने घेतले. क्लबने नंतर दोघांनाही सिगारेट-केस भेट दिली. जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला सारखीच वस्तू मिळाल्याची टेनिसमधली दुसरी उदाहरणं मला पटकन आठवत नाहीत.

या सामन्याचा द्रोब्नीला फायदा काही झाला नाही. दुखावलेला पाय घेऊन तो उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि बिगरमानांकित डेन खेळाडू कुर्ट नील्सनकडून सरळ सेटमध्ये हरला. म्हणून तर मला तो आवडतो. त्यातून ट्रॉफी निघाली नाही, गोष्ट निघाली नाही. सहा वेळा संपलेला सामना एका माणसाने संपू दिला नाही, बस.

पुढच्या वर्षी त्याला अकरावं मानांकन दिलं गेलं, म्हणजे जाणकारांनी त्याला जवळपास मोडीत काढलं होतं. त्याने उपांत्यपूर्व फेरीत लू होडला आणि उपांत्य फेरीत पुन्हा पॅटीला हरवलं. २ जुलै १९५४ ला रोझवॉलविरुद्ध १३-११, ४-६, ६-२, ९-७. नाकावर चष्मा. तो चष्मा लागला होता हॉकीत झालेल्या डोळ्याच्या दुखापतीमुळे. चष्मा लावून विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा तो पहिलाच, असं कौतुकाने सांगितलं जातं. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच येतं: मागे राहिलेल्या त्या खेळाचा एवढा एकच पुरावा तो सेंटर कोर्टवर घेऊन आला होता.

गॅलरीत टाळ्या वाजवणारे बहुतेक इंग्रज होते. त्याच आठवड्यांत इंग्रज सरकार सुएझ कालव्याच्या पट्ट्यातून आपलं सैन्य काढून घेण्याबद्दल कैरोशी घासाघीस करत होतं. आणि इकडे एका इजिप्शियन नागरिकासाठी सेंटर कोर्ट गहिवरलं होतं. त्या टाळ्यांत इजिप्त कुणाच्या मनातही नव्हता, हे उघड आहे. (त्याच विम्बल्डनमध्ये मुलांची एकेरी मद्रासच्या रामनाथन कृष्णनने जिंकली, तिथे असं करणारा पहिला आशियाई. त्याच्या नावापुढचा देश तेव्हा अवघा सात वर्षांचा होता.)

आणि रोझवॉल? पोरगा आहे, पुढे जिंकेल, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं. तो १९५६, १९७० आणि १९७४ ला पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि एकदाही जिंकला नाही. शेवटच्या वेळी तो एकोणचाळीस वर्षांचा होता, समोर एकवीस वर्षांचा जिमी कॉनर्स. म्हाताऱ्याने जिंकावं म्हणून प्रेक्षक पुन्हा हळवे झाले, पण गोष्ट या वेळी ऐकली नाही. १९५४ चा गोड शेवट दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून उचलला होता, हे वीस वर्षांनी कळलं.

द्रोब्नीचं आत्मचरित्र १९५५ मध्ये इंग्रजीत आलं. त्याच्या नावाचा अर्थ 'परागंदा विजेता'. प्रकाशकाला ते नाव आवडलं असणारच. पण मला त्यातला पहिला शब्द खटकतो. तो पुढे लंडनलाच राहिला, इंग्लिश टेनिसपटू रिटा अँडरसनशी लग्न केलं, ब्रिटिश नागरिक झाला आणि सप्टेंबर २००१ मध्ये लंडनमध्येच वारला. चार दशकं एका शहरात राहिलेल्या माणसाला परागंदा म्हणत राहणं, ही लेबल लावणाऱ्यांची सोय. मायदेशी तर उलटी सोय होती: तिथे त्याचं नाव घेणंच टाळलं जाई. १९७५ मध्ये अठरा वर्षांच्या मार्टिना नवरातिलोव्हाने अमेरिकेत आश्रय मागितला, तेव्हा तिच्या नावाचंही तेच झालं.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर २०२२ चं विम्बल्डन आठवा. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना त्या वर्षी तिथे बंदी होती. महिला एकेरी जिंकली एलेना रिबाकिनाने: जन्म मॉस्कोचा, रकान्यात कझाकस्तान. तिने ही अदलाबदल २०१८ मध्येच केली होती, कारण कझाकस्तानची संघटना खर्च उचलायला तयार होती. मग पत्रकार परिषदेत तिला विचारलं गेलं ते तिच्या सर्व्हिसबद्दल कमी आणि ती नक्की कुठली याबद्दल जास्त. तिची आणि द्रोब्नीची परिस्थिती एक नाही. तिला घरी तुरुंग वाट पाहत नव्हता. प्रश्न विचारणाऱ्यांची सवय मात्र तीच आहे. दुसरीकडे, आज टीव्हीवर रशियन खेळाडूंच्या नावापुढे झेंड्याच्या जागी कोरा चौकोन दिसतो. १९४९ च्या उन्हाळ्यात टेनिसला हा कोरा चौकोन सुचला असता, तर एका माणसाची तीन देशांच्या दारांतली खेटी वाचली असती.

१९८३ मध्ये द्रोब्नीला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. आइस हॉकीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपला हॉल ऑफ फेम सुरू केला तो १९९७ मध्ये, आणि पहिल्याच तुकडीत त्याचं नाव होतं. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता. आपल्या देशासाठी शेवटचा गोल करून त्याला पन्नासेक वर्षं होत आली होती.